शीव बसून सांगत नाहीत

माझ्या हातून झालेली सगळ्यात वाईट गोष्ट एका ओळीत मावते. ती ओळ मी फोनच्या काळ्या पडद्यावर टाइप केली, दोनदा वाचली, स्वतःवर खूश झालो आणि एंटर दाबलं. एक सेकंदही लागला नाही. फोननं मी सांगितलं तेच केलं, म्हणून त्याला शिव्या देण्यात अर्थ नाही. शिव्या मी स्वतःला घालतो, आणि त्या ओळीसाठी कमी, नंतर मूग गिळून बसलो त्यासाठी जास्त.

तेव्हा मी एटापल्ली तालुक्यातल्या एका लहान गावात जिल्हा परिषदेच्या शाळेवर होतो. मूळचा नागभीडकडचा, धानाच्या बांध्यांतला. बाबांनी रेल्वेच्या रुळावर गँगमध्ये राबून मला शिकवलं, त्यामुळे शिकलेल्या माणसाला सगळं यायलाच पाहिजे असं माझ्या डोक्यात पक्कं बसलेलं. त्यात फोनचा नाद. दुकानातून आणला तसा वापरला तर तो माझा फोन कसला! नवा फोन घेतला की आठ दिवसांत रूट केलाच म्हणून समजा. रूट करणं म्हणजे फोन बनवणाऱ्यानं आतल्या ज्या खोल्यांना कुलूप लावून ठेवलेलं असतं, त्यांच्या किल्ल्या आपल्या हातात घेणं. मग फोन म्हणतो, मालक तूच, तू म्हणशील ते.

गावात नेटवर्क फक्त शाळेच्या पाण्याच्या टाकीवर. आभाळ साफ असलं की तिथून सूरजागडचे डोंगर दिसत. त्या टाकीवर मांडी घालून मी एका दुपारी बिझीबॉक्स उतरवून घेतला. बिझीबॉक्स म्हणजे छोट्या छोट्या आज्ञांचा एक गठ्ठा. फाइल शोध, मोज, हलव, नाव बदल, असल्या आज्ञा. बोटानं पडदा सरकवत बसायचं नाही, काळ्या पडद्यावर एक ओळ लिहायची आणि शंभर फाइलींचं काम एका फटक्यात करायचं. फोनमध्ये ह्या आज्ञा असतात, पण माझ्या फोनमध्ये अर्ध्यामुर्ध्या होत्या. गठ्ठा बसवताना फोननं एकदा विचारलं, ह्याला मालकाचे सगळे अधिकार द्यायचे का? मी ‘हो’वर बोट ठेवलं. खाली उतरलो तेव्हा असा उतरलो की जसं काही विमान चालवून आलो.

त्याच हिवाळ्यात गावानं वनहक्क कायद्याखाली आपल्या जंगलाचा सामूहिक दावा करायचं ठरवलं. दाव्यासाठी गावाची शीव कुठून कुठे जाते ते दाखवावं लागतं. नकाशा लागतो, आणि जुन्या माणसांचं सांगणंही लागतं. तीन बाजूंना वाद नव्हता. चौथ्या बाजूला नाला. शेजारचं गाव म्हणे, शीव सरळ नाल्यानं जाते. आमचं गाव म्हणे, नाही, एका ठिकाणी ती नाला ओलांडून पलीकडे जाते, मोहाच्या राईला वळसा घालते आणि मग परत नाल्यावर येते. सगळं भांडण त्या वळशाचं. त्या राईतल्या मोहफुलांवर आमच्या गावातल्या अर्ध्या घरांचा उन्हाळा निघायचा.

वळसा आहे हे गावात सगळ्यांना ठाऊक होतं. तो काऊन आहे, कोणी ठरवला, कोणासमोर ठरला, हे सगळं सलग एकाच माणसाला ठाऊक होतं, गावाच्या गायत्याला. गायता म्हणजे गावाच्या देवांचं आणि भुईचं करणारा माणूस. सत्तरी ओलांडलेला, काटक, खांद्यावर कुऱ्हाड, बोलणं कमी. त्याची सून गावाच्या वनहक्क समितीत होती. बाई मोठी हुशार. मामाजी सांगतील ते तुमच्या फोनमध्ये भरून घ्या, असं मला तिनंच सुचवलं. लिहून घेणारा अर्धं आपल्या मनाचं लिहितो, आवाजात कोणाला काही घालता येत नाही, असं तिचं म्हणणं. मला काय, हेच पाहिजे होतं. मी म्हटलं, गायताभाऊंना शाळेत बसवतो, चहा पाजतो, तासाभरात सगळं घेतो.

गायता हे ऐकून हसला.

“शीव बसून सांगत नाईत, गुरुजी,” तो म्हणाला. “चालून सांगाव लागते.”

हे काही त्याचं खूळ नव्हतं. गावात सगळेच तसं मानत. जिथली गोष्ट तिथं उभं राहून, तिथल्या पेनाला, म्हणजे देवाला, आधी विचारून सांगायची. घरी खाटेवर बसून सांगितली तर ती नुसती गप्पा, तिला कोणी धरून चालत नाही. म्हणून माघाच्या थंडीत एका सकाळी आम्ही निघालो. पुढे गायता, मागे मी फोन धरून, आणि बराच मागे समितीचा एक माणूस, जो जीपीएस मशीनवर जागेचे ठिपके घेत एकेका ठिकाणी आमच्यानंतर पोचत होता.

एकवीस जागा झाल्या त्या दिवशी. प्रत्येक जागी गायता थांबायचा, फडक्यातून चार वाळली मोहफुलं काढून दगडापाशी ठेवायचा, गोंडीत हळू आवाजात काही बोलायचा आणि मग माझ्याकडे वळून मराठीत सांगायचा. तीन खाचांचा दगड. वाळून गेलेल्या ऐनाचं खोड, ज्याच्याखाली दोन्ही गावांचे गायते एकदा बसले होते. कोणत्या तरी लग्नात दिलेला कोणता तरी शब्द. पाहा, ‘कोणत्या तरी’ म्हणतो आहे मी! माणूस माझ्या तोंडासमोर उभा राहून नावानिशी सांगत होता आणि माझं सगळं लक्ष लाल बटण चालू आहे की नाही इकडे. मी ऐकत नव्हतो, भरून घेत होतो. फोन आहे ना, मग डोक्याला कशाला ताण द्यायचा.

सांज व्हायच्या आधी परत नाल्यावर आलो. गायता पाण्यात उतरून पाय धुऊ लागला. मी काठावर बसलो. माझ्या अंगठ्याचा धक्का लागून बटण परत चालू झालं होतं, ते लक्षात आलं तेव्हा बंद केलं. अशी एकवीस जागांची एकवीस रेकॉर्डिंग, आणि ही बाविसावी, चुकून झालेली. हिच्यात पाण्याच्या खळखळीशिवाय काय असणार, म्हणून मी ती ऐकलीही नाही.

दोन दिवसांनी रविवार होता. शाळेचा कंप्युटर बंद पडलेला, त्यामुळे सोमवारी एटापल्लीला जाऊन सगळं एका मित्राच्या कंप्युटरवर टाकायचं ठरवलं होतं. ते तसंच उचलून टाकलं असतं तर मी आज हे लिहीत बसलो नसतो. पण नाही, मला आधी नावं नीट करायची होती. अ‍ॅपनं प्रत्येक रेकॉर्डिंगला बारा-पंधरा आकड्यांचं लांबलचक नाव दिलेलं, आणि त्या फाइली ठेवलेल्या कुलूपबंद खोलीत. हातानं नावं बदलायला अर्धा तास लागला असता. अर्धा तास! पण मग बिझीबॉक्स कशाला बसवला होता? लोणच्यासारखा बरणीत भरून ठेवायला?

वर्गात बसून मी ओळ लिहिली. प्रत्येक फाइल घे, ती कोणत्या दिवशी झाली ते पाहा, आणि तो दिवसच तिचं नाव कर. तारीखच काऊन सुचली? गुरुजी माणूस. फळा पुसला की सगळ्यात आधी वर कोपऱ्यात दिनांक लिहिणार, मग बाकीचं. इतक्या वर्षांची हाताची सवय ती. आणि मी आंधळेपणानं केलं असंही नाही. आधी मुलांच्या परिपाठाच्या रेकॉर्डिंगवर ओळ चालवून पाहिली. ती सगळी वेगवेगळ्या दिवशी केलेली होती. कशी ओळीनं तारखा लावून उभी राहिली! मी मांडीवर थाप मारली आणि तीच ओळ गायत्याच्या आवाजावर चालवली.

त्या सगळ्या फाइली एकाच दिवसाच्या होत्या. पहिलीचं नाव झालं ती तारीख. दुसरीचंही तेच. एका नावाच्या दोन फाइली एका जागी राहू शकत नाहीत, म्हणून दुसरी पहिलीच्या जागी बसली आणि पहिली गेली. मग तिसरी दुसरीच्या जागी. असं करत करत बाविसावीपर्यंत. बोटानं केलं असतं तर फोननं विचारलं असतं, ह्या नावाची फाइल आधीच आहे, तिच्यावर टाकू का? काळा पडदा मालकाला असलं काही विचारत नाही.

मी पाहतो तर खोलीत एकच फाइल. माझी पाचावर धारण बसली. परत पाहिलं, बाहेर येऊन पाहिलं, फोन बंद करून चालू केला. टाकीवर चढून गेलेल्या फाइली परत आणणारी दोन-तीन अ‍ॅप उतरवली. त्यांनी माझ्या भाचीच्या बारशाचे पुसलेले फोटो आणून दिले. आवाज एकही आला नाही. आणि असली नवी अ‍ॅप टाकली की उरलंसुरलंही पुसलं जातं, हे मी नंतर कुठंतरी वाचलं.

इथपर्यंत चूक होती. चूक कोणाकडूनही होते. सोमवारी सकाळी गायता शाळेच्या कुंपणाशी येऊन उभा राहिला. जोहार केला आणि विचारलं, आलं का सगळं बराबर? मी म्हणालो, “आलं भाऊ, एकदम साफ आलं.”

काऊन म्हणालो तसं? मी आजही स्वतःला विचारतो. तो रागावला नसता. त्याला रागावताना मी कधी पाहिलंच नव्हतं. पण मी कंप्युटरवाला गुरुजी. तहसीलमधली माणसंही मला विचारून फॉर्म भरत. दिवसभर म्हाताऱ्याला काट्याकुट्यातून फिरवलं आणि एका बोटात सगळं घालवलं, हे तोंडानं सांगायची मला लाज वाटली. बस, इतकंच. दुसरं कोणतंही मोठं कारण नाही, शोधून पाहिलं.

मग मी चतुराई करायला गेलो. दोन-तीन आठवड्यांनी गायत्याच्या अंगणात जाऊन बसलो, तंबाखू-सुपारीचा खर्रा पुढे केला, आणि सहज म्हटल्यासारखं म्हटलं, भाऊ, ते ऐनाच्या खोडाचं काय सांगितलं होतं तुम्ही? परत एकदा सांगा ना, मजा आली होती ऐकायला. खिशात रेकॉर्डिंग चालू. त्यानं खर्रा घेतला, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, “भरून आहे ना तुमच्याजवळ? तेच ऐका. बसून कायले सांगू?”

तेव्हाच सांगायचं होतं. तोंडापर्यंत आलं होतं. सून समोरच धान कांडत होती, तिनं मान वर करून पाहिलं, आणि मी म्हणालो, हो हो, आहे ना. घरी येऊन स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली.

वैशाखात बुद्धपौर्णिमेला मी नागभीडला घरी गेलो. विहारात सगळ्यांबरोबर पंचशील म्हणायला उभा राहिलो. चौथं शील खोटं न बोलण्याचं. लहानपणापासून म्हणत आलो, कधी अडखळलो नाही. त्या दिवशी आवाज खाली गेला. शेजारी बाबा उभे होते, त्यांनी तिरक्या नजरेनं पाहिलं. लहानपणी काही फुटलं-तुटलं तर बाबा मारत नसत, लपवलं तर मारत. मनात ठरवलं, गेल्या गेल्या गायत्याच्या पायाशी बसायचं आणि सांगायचं. शाळा उघडायला परत गेलो. पण पहिल्या आठवड्यात पुस्तकं आली, दुसऱ्यात साहेब आले. मग पाऊस लागला, आणि पावसात म्हाताऱ्याला नाल्यापलीकडे कसं न्यायचं, दिवाळीनंतर पाहू, अशी मी मलाच मुदत दिली. मुदत द्यायला कारणं काय, हवी तितकी सापडतात.

भादव्यात गायता तापानं गेला. चार दिवसांचा खेळ. नाल्याला पूर होता, दवाखान्यात न्यायला खाट उचलली ती अर्ध्या वाटेतून परत आली. मातीला मी होतो. लोक रडत होते, मीही रडत होतो, आणि माझ्या रडण्यात किती त्याच्यासाठी आणि किती स्वतःसाठी हे माझं मला कळत होतं.

हिवाळ्यात दोन्ही गावांची बैठक बसली, नाल्याच्या काठावर. शेजारच्या गावाची माणसं वाईट नव्हती. त्यांनी नकाशा पाहिला, आमचे ठिपके पाहिले आणि सरळ विचारलं की ठिपके तर कुठंही घेता येतात, हा वळसा काऊन आहे ते सांगा. आमच्याकडे एकेक माणूस उठून आपल्याला ठाऊक तेवढं सांगू लागला. एक म्हणे लग्नातला शब्द, एक म्हणे नाही, भांडण मिटलं तेव्हाचं. एकाचं दुसऱ्याशी जुळेना. तेव्हा गायत्याची सून उभी राहिली. कशी ताठ उभी राहिली होती ती. म्हणाली, आमच्या मामाजींनी जागेवर उभं राहून सगळं सांगितलं आहे, गुरुजींच्या फोनमध्ये आहे, त्यांचाच आवाज ऐका.

दोन्ही गावं माझ्याकडे पाहू लागली. मी उठलो आणि म्हणालो, फोन खराब झाला, त्यात गेलं.

सून खाली बसली. शेजारच्या गावाच्या एका म्हाताऱ्यानं च् च् केलं, म्हणाला, गायता असता तर आम्ही ऐकलं असतं, त्याचं ऐकलंच असतं. तो खोटं बोलत होता असं मला आजही वाटत नाही. संध्याकाळपर्यंत शीव सरळ नाल्यानं धरली. राई पलीकडे गेली. आमच्या बाया पुढल्या चैतात पाट्या घेऊन नाल्यापर्यंत गेल्या आणि अलीकडच्या चार झाडांखाली वेचत राहिल्या, ते मी शाळेत जाता-येता पाहिलं आहे.

बैठकीनंतर चार-पाच दिवसांनी, शाळा सुटल्यावर, सून वर्गाच्या दारात येऊन बसली. शिवेचं काही बोलली नाही. घरी मामाजींचा फोटोही नाही, म्हणाली. नातू सारखा आज्याचं विचारतो. फोन खराब झाला ठीक आहे, पण थोडंसं तरी उरलं असेल का, एखादा शब्द? नुसता आवाज पाहिजे.

उरलं होतं. ती एक फाइल, नाव म्हणून तारीख लावलेली. तिला मी तोवर हात लावला नव्हता. पाण्याचाच आवाज असणार असं स्वतःला सांगत आलो होतो, आणि खरं म्हणजे ती दिसली की मी फोन उलटा ठेवून द्यायचो. मी म्हटलं, एक आहे, पण त्यात काही नाही, नाल्याचं पाणी आहे. म्हणाली, तेच लावा.

मी लावली. पाणी खळखळत होतं. दगडावर कुऱ्हाड ठेवल्याचा आवाज झाला. मग गायता बोलला, दुरून, पण स्वच्छ. त्या सांजेला तो माझ्याशी बोलत होता आणि मी हातातल्या फोनशी खेळत बसलो होतो.

“सगळं आलं का जी, गुरुजी, त्याच्यात? नसन आलं तं सांगजा. लाजू नका. उद्या परत चालू, मले काय होते.”

पुढे माझा आवाज, हो हो म्हणणारा. मग बंद.

सुनेनं परत लावायला सांगितलं. मी परत लावलं. तिसऱ्यांदा तिनं स्वतः बोट ठेवून लावलं. डोळे पुसले. मग फोनवरच्या त्या तारखेवर बोट ठेवून विचारलं, “हे कधी गेलं जी, बाकीचं?”

आता खोटं बोलायला तोंड उरलं नव्हतं. मी म्हणालो, त्याच हप्त्यात. रविवारी. माझ्या हातानं.

तिनं ओरडायला पाहिजे होतं. मी तयार होतो, खरं तर वाटच पाहत होतो. ती दारातून उठली, पदर सारखा केला.

“मामाजी तं त्याच्यानंतरही जेठापर्यंत रोज त्याच शिवेच्या वाटेनं राईत जात होते, गुरुजी,” ती म्हणाली, आणि घराकडे निघाली.